कनियोची उसण आणि न्हाणीघराची चावी

"आई गं!" कनियो विव्हळला, आणि आपलं विव्हळणं कितपत जमलं ते पाहायला त्याने एक डोळा किलकिला केला.

इन्कोरोनाता त्याच्या कंबरेवर गरम मिठाची पुरचुंडी दाबत होती. सणाचा काळा झगा, केसांवर जाळीचा रुमाल, छातीवर गावच्या संताच्या, सान पिएत्रोच्या, उत्सव समितीची निळी फीत. पिएत्रादोल्चे गावात त्या फितीचा दरारा पोलिसाच्या शिट्टीपेक्षा मोठा होता.

"कुठे दुखतंय नेमकं?"

"इथे."

"काल डावीकडे दुखत होतं."

"सरकलं."

"उसण आहे की मांजर?" तिने पुरचुंडी उजवीकडे नेली आणि जरा जास्तच दाबली. "कनियो, शेवटचं विचारते. खरंच उठवत नाही?"

"सान पिएत्रोच्या सणाला मी उगाच झोपून राहीन का गं? माझ्या बापाचा दांडा, त्याच्या बापाचा दांडा. पालखीचा पुढचा, डावा. तो आज दुसऱ्याच्या खांद्यावर जाणार म्हणून काळीज तुटतंय माझं."

काळीज तुटतंय हे खरं होतं. बाकी सगळं खोटं. हेच खोटं त्याने काल पालखीच्या मुकादमाला सांगितलं होतं, संध्याकाळी भेटायला आलेल्या फादर एलिजोंना सांगितलं होतं, आणि आता सणाच्या सकाळी बायकोला सांगून झालं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. एकदा बोलायला घेतलं की त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही.

आता कनियोच्या पाठीला काही झालेलं नसताना तो अंथरुणात का, तर त्याचं कारण टेकडीच्या पायथ्याशी होतं. तिथून रोमहून ब्रिंदिसीला जाणारा जुना आप्पिया रस्ता जातो. त्या रस्त्याला लागून कनियोच्या वडिलांची द्राक्षबाग होती. एकदा वेलींसाठी खड्डा खणताना कुदळ दगडावर आपटली, दगडाखाली फरशी निघाली, फरशीवर मासे निघाले. रंगीत खड्यांचे, एकमेकांच्या शेपट्या धरायला निघालेले मासे. पुरातत्त्व खात्याची माणसं आली, म्हणाली, हे रोमन लोकांचं न्हाणीघर. त्यांनी भोवती भिंत घातली, कुणा सरदाराच्या तबेल्याचा लोखंडी दरवाजा आणून बसवला, वीतभर लांबीची चावी कनियोच्या बापाच्या हातात ठेवली आणि गेली. पुन्हा काही आली नाहीत.

बाप गेला, चावी कनियोकडे आली. तेव्हापासून दर शनिवारी तो त्या फरशीवर झाडू मारायचा, पाण्याने मासे पुसायचा, कुलपाला तेल घालायचा. मासे चमकायचे आणि बघणारा तो एकटाच. आप्पिया रस्त्याने सहलीच्या बसगाड्या जायच्या, पण त्या पिएत्रादोल्चेवर धूळ उडवून थेट पुढच्या सेर्रास्पिना गावात थांबायच्या. तिथे काय होतं? अडीच खांब आणि तेओदोरो. तेओदोरो म्हणजे इन्कोरोनाताचा सख्खा भाऊ. खांबांच्या सावलीत त्याने लिंबाच्या बर्फाची गाडी आणि गवती टोप्यांचं दुकान टाकलं होतं. बहिणीकडे जेवायला आला की म्हणायचा, "दाजी, तुमच्या माशांना म्हणावं, पोहत या आमच्याकडे. गिऱ्हाईक मिळवून देतो."

गेल्या महिन्यात कनियोने बारी शहरातल्या सहल कंपनीच्या ओर्तेंसिया मॅडमना फोनवर अशी काही गळ घातली की त्या म्हणाल्या, "ठीक आहे. एकदा थांबून बघू. लोकांना आवडलं तर दर आठवड्याला बस तुमच्याकडे थांबेल. नाही आवडलं तर पुन्हा विचारू नका." दिवस मात्र त्यांनी सांगितला तो नेमका सान पिएत्रोच्या सणाचा, आणि वेळही मिरवणुकीची. दुसरा दिवस नव्हता. सणाच्या दिवशी पालखी सोडून पाहुण्यांना न्हाणीघर दाखवायला जातो हे इन्कोरोनाताला सांगण्यापेक्षा उसण भरलेली बरी, असं कनियोला वाटलं.

बेत सोपा होता. सगळं गाव देवळात जाईल. आपण मागच्या दाराने उतरायचं, मासे दाखवायचे, आणि मिरवणूक परत देवळात शिरायच्या आत अंथरुणात शिरायचं.

खाली दार लागलं. इन्कोरोनाताच्या टाचांचा आवाज गल्लीच्या वळणावर विरला. कनियोने पुरचुंडी फेकली, टुणकन उडी मारली, विजार चढवली, झोपेच्या सदऱ्यावरच कोट घातला आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याकडे हात नेला.

खिळा होता. चावी नव्हती.

त्याने पिठाच्या डब्यात पाहिलं, पावाच्या टोपलीत पाहिलं, मांजराखाली पाहिलं. शेवटी घाम पुसून बायकोला फोन लावला. पलीकडे बँडवाले सूर जुळवत होते.

"काय रे? जास्त दुखतंय का?"

"नाही, तसं नाही. पडल्या पडल्या सहज आठवलं. न्हाणीघराची चावी कुठे दिसत नाही गं."

"पडल्या पडल्या दारामागचं दिसतं तुला?"

उत्तराची वाट न पाहता इन्कोरोनाता आवाज खाली आणून म्हणाली, "सान पिएत्रोच्या हातातल्या चांदीच्या चाव्या सोनाराकडे उजळायला दिल्या होत्या ना? नाहीत आल्या. आता स्वर्गाच्या दरवाजाचा राखणदार, त्याला काय रिकाम्या हाताने गावात फिरवायचं? लोक म्हणतील, चावी हरवली. मग मी आपली तीच लावली. छान शोभतेय. तू तर झोपलेला. तुला कशाला लागते?"

"नाही… मला कशाला लागते."

"आणि लाल फितीने पक्की बांधली आहे. संत देवळाबाहेर पडला की परत आत जाईपर्यंत त्याच्या हातातलं काही काढायचं नसतं. ठाऊक आहे ना, त्या वर्षी कुणी फूल काढलं तर द्राक्षांवर गारा पडल्या ते?"

"ठाऊक आहे," कनियो म्हणाला. त्याच्याच बागेवर पडल्या होत्या.

"आणि ऐक, उठू नकोस. फादरशी बोलले मी. मिरवणूक यंदा आपल्या गल्लीतून येणार. आजाऱ्याच्या दाराशी संताने थांबायचं असतं. तुला सज्जात बसवू, आशीर्वाद घे. तुझ्या दांड्याची काळजी करू नकोस, तेओदोरो उचलतोय."

"कोण?"

"माझा भाऊ! एवढ्या लांबून जेवायला आलाय, म्हटलं तेवढंच पुण्य." आणि फोन बंद झाला.

कनियो मांजराशेजारी खुर्चीत बसला. सान पिएत्रोच्या पालखीचा पुढचा डावा दांडा, आणि खाली सेर्रास्पिनाचा माणूस! त्याच्या बापाने थडग्यात कूस बदलली असेल. पण कूस बदलायला इथे वेळ कुणाला होता? खालून बसचा हॉर्न आला.

तो मागच्या दाराने निघाला आणि अंजिरांच्या झाडांमधून घसरत, दोनदा बसत, न्हाणीघरापाशी पोचला. बस उभी होती. सावली शोधत उतरलेली मंडळी भिंतीला पाठ लावून उभी होती, बहुतेक सगळी उत्तरेकडची, निवृत्त, मोठ्या टोप्यांची. पुढे पांढऱ्या दाढीचे एक लॅटिनचे मास्तर, तोरिनोचे. आणि काळा चष्मा लावून ओर्तेंसिया मॅडम.

"सिन्योर कनियो? छान. उघडा."

"उघडतो ना! पण त्याआधी," कनियोने घसा साफ केला, "हा दरवाजा पाहा."

सगळ्यांनी दरवाजा पाहिला.

"लोखंडी आहे," कनियो म्हणाला.

"रोमन?" मास्तरांनी चष्मा सावरला.

"नाही. तबेल्याचा."

मग त्याने भिंत दाखवली. भिंतीतून उगवलेली बडीशेप दाखवली. तिचा वास घ्यायला लावला. बडीशेप संपल्यावर भिंतीवरची पाल दाखवली. तीही कंटाळून फटीत गेली.

"सिन्योर कनियो," मॅडमनी चष्मा काढला, "चावी कुठाय?"

आज पुरेसं खोटं बोलून झालं होतं. कनियोने खरंच सांगायचं ठरवलं, फक्त थोडं जपून. "चावी येतेय, मॅडम. एका मोठ्या गृहस्थांकडे आहे."

"मग बोलवा त्यांना."

"ते बोलावून येत नाहीत. आपल्या वेळेला निघतात. आणि जरा सावकाश चालतात, वय झालंय. शिवाय त्यांच्याबरोबर बरीच माणसं असतात."

"राजकारणी आहेत का?"

"छे छे! अगदी स्वच्छ माणूस."

मॅडमनी बसकडे पाहिलं. ड्रायव्हर पायरीवर बसून, कागदात गुंडाळलेला, भाजलेल्या मिरच्या आणि आम्लेट भरलेला पाव नुकताच उघडत होता. "हे बघा, त्याचा पाव संपला की आम्ही निघणार. सेर्रास्पिनाला आमच्यासाठी लिंबाचा बर्फ तयार आहे म्हणे. तिथले लोक फार अगत्याचे."

"तिथले लोक," कनियो दात खात म्हणाला, "या क्षणी माझ्या दांड्याखाली आहेत."

त्याचा अर्थ मॅडमना कळायच्या आत वर टेकडीवर बँड दणाणला. मिरवणूक निघाली होती. म्हणजे ती गल्लीत पोचायच्या आत कनियोला अंथरुणात असायला हवं होतं. "आलोच!" असं ओरडून तो अंजिरांत घुसला. मागून मास्तरांचा आवाज ऐकू आला, "या वयात काय चपळ माणूस आहे! कंबर बघा कशी लवते."

तो मागच्या दाराने आत शिरला, कोट फेकला, विजारीसकट पांघरुणात घुसला, आणि इन्कोरोनाता जिना चढून वर आली.

"घामाने भिजलायस की रे! ताप भरला वाटतं." तिने त्याच्या केसांतून अंजिराचं एक पान काढलं, त्याकडे पाहिलं आणि खिशात टाकलं. मग त्याच्या अंगाभोवती शाल गुंडाळली, दंडाला धरून सज्जात आणून खुर्चीत बसवलं. सज्जा तो केवढा! एक खुर्ची, तुळशीसारख्या वासाच्या बाझिलिकोची एक कुंडी, आणि इतका बुटका की खालून जाणाऱ्या माणसाच्या टोपीवर टिचकी मारता यावी.

गल्ली माणसांनी भरून गेली होती. अनवाणी बायका, मेणबत्त्या, घाम पुसणारे बँडवाले. आणि त्यांच्यावर डुलत येणारा सान पिएत्रो, लाकडी दाढीचा, निळ्या झग्याचा, कोळ्याच्या रापलेल्या चेहऱ्याचा. त्याच्या पुढे केलेल्या हातात वीतभर लांब काळी लोखंडी चावी. कनियोने छातीवर क्रूसाची खूण केली. डोळे पाणावले, आणि ते नाटक नव्हतं. दर वर्षी तो हा चेहरा खालून, दांड्याआडून पाहायचा. एवढ्या जवळून, समोरासमोर, आज पहिल्यांदा पाहत होता.

पालखी बरोबर सज्जाखाली थांबली. पुढच्या डाव्या दांड्याखालून तेओदोरोने लालबुंद तोंड वर केलं. "काय दाजी! कशी आहे उसण? तुमचा संत जड आहे हो. आमचा बरा, हलका."

"बोलू नकोस, दम लागेल," कनियो म्हणाला.

मग फादर एलिजो पुढे झाले. हे फादर प्रवचन सांगत नसत, गात असत. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. पुढे एक ओळ म्हणायची, ती माणसांच्या डोळ्यांत उतरली की थांबायचं, मग बासरीवाल्याकडे बघायचं, त्याने सूर धरला की पुढची. बिशपांनी एकदा त्यांना समज द्यायला माणूस पाठवला होता. तो तीन दिवस राहिला आणि जाताना चाली शिकून गेला. असं कुणी गाऊ लागलं की पाप कोणाचं, कधीचं, हे माणूस विसरतो. त्याला फक्त आपलं आठवतं.

फादरनी सूर लावला. त्या रात्रीची कथा. अंगणात शेकोटी पेटलीय, प्रभूला धरून नेलंय, आणि हा कोळी पिएत्रो हात शेकत उभा आहे. "दासी विचारते, हा त्याच्यातलाच ना? तू ओळखतोस का त्याला?" बासरी थांबली. फादर अगदी खालच्या सुरात गायले, "नाही गं बाई, मी नाही ओळखत."

कनियोने शाल घट्ट केली.

"दुसरी विचारते… नाही गं बाई. तिसरा विचारतो…" फादरनी सज्जाकडे पाहिलं. आजाऱ्याकडे प्रेमाने पाहावं, तेवढंच. पण कनियोला ती नजर पाठीच्या कण्यापर्यंत पोचल्यासारखी वाटली. "तीन वेळा, बाबांनो, तीन वेळा नाकारलं! आणि मग कोंबडा…"

शेजारच्या फिलोमेना भटारणीच्या अंगणातला कोंबडा भर उन्हात आरवला.

गल्ली शहारली. बायकांनी हुंदके दिले. कनियोच्या कपाळावरून घाम टपकून बाझिलिकोत पडला. "बिचाऱ्याला ग्लानी येतेय," फिलोमेना खालून म्हणाली.

त्याने मान फिरवली, आणि छपरांच्या मधून त्याला टेकडीचा पायथा दिसला. ड्रायव्हर उठला होता. त्याने पावाचा कागद चुरगाळून खिशात घातला. मोठ्या टोप्या एकेक करून बसमध्ये चढू लागल्या. कनियोला मासे दिसले, चमचमणारे, शेपट्या धरायला निघालेले, आणि पुन्हा सगळे शनिवार एकट्याचे.

चावी त्याच्या हातापासून दीड हातावर होती.

'घ्यायची नाही,' तो मनात सान पिएत्रोला म्हणाला, 'उसनी. दार उघडतो आणि आणून ठेवतो. गारा पाडू नका. आणि पाडल्याच तर सेर्रास्पिनावर पाडा.'

हाताचं चुंबन घ्यावं तसा तो कठड्यावरून वाकला. लोकांनी हात जोडले. उसण भरलेला माणूस संतासाठी केवढा वाकतोय! कनियोने बोटांनी फीत चाचपली. पण ती गाठ इन्कोरोनाताची होती. याच हातांनी ती सॉसेज बांधायची आणि ती वर्षभर सुटत नसत. त्याने एक पदर ओढला, गाठ आवळली. त्याने त्यात बोट घातलं, बोट अडकलं. आणि त्याच क्षणी मुकादमाने दांड्यावर हातोडी मारली. निघायची खूण.

संत चालू लागला. कनियोचं बोट संताबरोबर चालू लागलं. बोटामागे हात, हातामागे कनियो. पोट कठड्यावर, पाय हवेत, शाल कुंडीवर, "अरे थांबा! अहो थांबा!" बोट गाठीतून निसटलं आणि बाझिलिकोच्या कुंडीसह तो पालखीच्या कडेवरून घरंगळत सरळ तेओदोरोच्या मानेवर उतरला.

तेओदोरो "मेलो!" म्हणून मटकन खाली बसला. दांडा सुटला. सान पिएत्रो डावीकडे कलला. सगळ्या गल्लीचा श्वास अडकला.

त्या घटकेला कनियोने काहीही ठरवलं नाही, ना बस, ना चावी, ना बायको. संत पडतोय एवढंच त्याला दिसलं. त्याचा खांदा आपोआप दांड्याखाली गेला, गुडघे आपोआप ताठ झाले, आणि सान पिएत्रो पुन्हा सरळ उभा राहिला.

 फिलोमेनाने किंकाळी फोडली.

"चमत्कार! कनियो उठला! संताने हात धरून उठवला!"

"मी पाहिलं! संताने हात पुढे केला!"

"सज्जातून उचलला हो, लेकरासारखा!"

बँडने जी काही येत होती ती सगळी वाद्यं एकदम वाजवली. कनियो बोलायला तोंड उघडत होता, पण तेवढ्यात कुणीतरी त्याच्या गालाचा मुका घेतला आणि मागून पालखीचा रेटा आला. चालणं भाग होतं. खाली धुळीत बसलेला तेओदोरो मान चोळत म्हणाला, "दाजी, चमत्कार तुमच्यावर झाला, मग मान माझी का मोडली?"

कारंज्यापाशी रस्ता फुटतो. उजवा देवळाकडे परत जातो, डावा उतारावरून आप्पियाकडे. पुढचा डावा दांडा ज्याच्याकडे, वळणावर त्याचंच चालतं.  कनियो फक्त डावीकडे कलला.

"कनियो!" फादर एलिजो मागून ओरडले. "देऊळ उजवीकडे!"

"ठाऊक आहे फादर!"

"मग?"

"खांदाच डावीकडे चाललाय!"

"जाऊ द्या हो फादर," बायका म्हणाल्या, "संताची इच्छा!" इन्कोरोनाता समितीची फीत सरळ करत पुढे आली, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हात उंचावून म्हणाली, "डावीकडे! सगळे डावीकडे!" फादरना तसंही प्रवचनाचं पुढचं कडवं गायला रस्ता कमी पडत होता. त्यांनी बासरीवाल्याला खूण केली.

खाली ओर्तेंसिया मॅडमनी दार ओढून घेतलं होतं, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं आणि बस धूळ उडवत वळत होती. पण वळून पाहते तर पुढे रस्ताच नाही. सगळा रस्ता मेणबत्त्या, अनवाणी पाय आणि मध्ये डुलणारी निळी आकृती. ड्रायव्हर फोज्जाच्या बाजूचा, आईने वळण लावून वाढवलेला. सान पिएत्रोला हॉर्न कोण देणार? त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढली.

मॅडम खाली उतरल्या. "सिन्योर कनियो! हे काय आहे?"

"म्हटलं नव्हतं का," कनियो दांड्याखालून धापा टाकत म्हणाला, "येताहेत म्हणून. जरा सावकाश चालतात."

पालखी दरवाजाशी आली. संताच्या हातातून चावी काढायची नाही, म्हणून संतच पुढे न्यायचा ठरला. भोई गुडघे वाकवून इंचाइंचाने सरकले. "डावीकडे… अजून… मास्तर, तुमची टोपी काढा, मध्ये येतेय!" इन्कोरोनाताने फीत सैल केली, गाठ सोडली मात्र नाही. चावी सान पिएत्रोच्या बोटांतच राहिली आणि तिचं टोक कुलपात गेलं. कनियोने फक्त हाताखाली हात लावला. शनिवारचं तेल कामाला आलं. कुलूप कुरकुरसुद्धा न करता उघडलं.

ऊन आत शिरलं आणि मासे चमकले.

 लॅटिनचे मास्तर हळूच गुडघ्यांवर बसले. गावातल्या बायकांनीही ते मासे पहिल्यांदाच पाहिले. एवढ्या वर्षांत कनियोने बोलावलं नव्हतं आणि त्या आल्या नव्हत्या. सान पिएत्रो, गालीलचा कोळी, उंबऱ्यावर उभा राहून त्या माशांकडे पाहत होता, आणि सगळ्यांना वाटलं की त्याचा लाकडी चेहरा जरा सैलावला. फादर एलिजो गात होते ते थांबले. मग त्यांनी जाळी सोडून प्रभूच्या मागे निघालेल्या कोळ्याचं कडवं धरलं, अगदी हळू, आणि बँडवाल्यांनी न सांगता त्यांना साथ दिली.

"किती जुनी प्रथा आहे ही?" मॅडमनी डोळे पुसत विचारलं.

"आजचीच, मॅडम."

"किती विनयी माणूस!" मास्तर म्हणाले. तोवर फिलोमेनाने मॅडमना बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सज्जा, उडी, उसण, सगळं सांगितलं होतं.

"सिन्योर कनियो," मॅडम परत आल्या, "बस दर गुरुवारी थांबेल. सण नसला तरी चालेल. तुम्ही मात्र दारात हवे. बरे झालेले. ताठ."

"ताठ," कनियोने हसून मान हलवली. "जागा सोडणार नाही."

मग पालखी टेकवायची वेळ आली. भोई वाकले. कनियोही वाकला. आणि त्याच्या कंबरेत, बरोबर मधोमध, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

संध्याकाळी तो अंथरुणात पालथा पडला होता. "आई गं," तो म्हणाला, आणि या वेळी कितपत जमलं ते पाहण्याची त्याला गरज नव्हती.

"पुरे झालं," दारातून फिलोमेना म्हणाली. ती ताज्या पावाची टोपली घेऊन आली होती. "गावासमोर संताने बरं केलंय तुला. आता दुखतंय म्हणून त्याला खोटं पाडणार? ऊठ बघू!" मुकादम आला, त्याने पाठीवर थाप मारली. थाप तिथेच बसली. तेओदोरो मानेला फडकं बांधून आला आणि म्हणाला, "दाजी, गुरुवारी लिंबाच्या बर्फाची गाडी तुमच्या दारात लावू का? तुमच्या सावलीत." फादर एलिजो आले. कनियोने त्यांना सगळं खरं सांगितलं, पहिल्या विव्हळण्यापासून. फादर पोट धरून हसले. "अरे, तीन वेळा खोटं बोललेल्याच्याच हातात देवाने स्वर्गाच्या चाव्या दिल्या. तुला एक न्हाणीघर दिलं, त्यात काय एवढं?" आणि प्रायश्चित्त म्हणून, उसण बरी होईपर्यंत तक्रार करायची नाही असं सांगून गेले.

सगळे गेल्यावर कनियो भिंत धरून उठला. मलम कपाटात असायचं. त्याने वरच्या कप्प्यात हात घातला. मलमाच्या डबीमागे सोनाराच्या निळ्या कागदाची पुडी लागली. उघडली. आत सान पिएत्रोच्या चांदीच्या चाव्या होत्या, उजळून लखलखीत.

"सापडलं का मलम?" मागून इन्कोरोनाता म्हणाली.

कनियोला वळता येत नव्हतं. तो तसाच कपाटाशी बोलला. "या कधी आल्या?"

"परवा. त्याच दिवशी तुझ्या मॅडमनी घरी फोन केला होता, बस नक्की येतेय म्हणून. तू बागेत होतास." तिने त्याला हळूच अंथरुणाशी आणला. "मग तुला उसण भरली. म्हटलं, चावी संताच्या हातात ठेवावी. मागायला येईल, तेव्हा खरं बोलेल. तू वरून उडी मारशील हे सान पिएत्रोलाही ठाऊक नसेल."

"आणि मी बोललो असतो तर? तुला राग आला नसता?"

"आला असता की. मग मिरवणूक खालच्या रस्त्याने नेली असती. समितीची अध्यक्ष कोण आहे, फिलोमेनाचा कोंबडा?"

कनियो उशीत तोंड घालून बराच वेळ हसला. हसताना दुखत होतं. इन्कोरोनाताने मिठाची पुरचुंडी तव्यावरून उचलली, खिशातून अंजिराचं सुकलेलं पान काढून त्याच्या नाकासमोर ठेवलं, आणि विचारलं,

"आता सांग. कुठे दुखतंय?"

"मधोमध," कनियो म्हणाला. "आणि सरकत नाहीये."

"हं," ती म्हणाली. "आता पटलं." आणि सकाळी दाबली होती त्याच्या निम्म्याने, अगदी जपून, तिने पुरचुंडी टेकवली.